पोटरी फडफडते, मानेत गाठ लागते: एमआरआय करू का?

तू लिहिलंस त्याचा सार असा: मेडिकलचं दुसरं वर्ष, नाशिकमध्ये होस्टेलवर. मेडिसिनच्या पोस्टिंगला मोटर न्यूरॉन डिसीजचा (स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याचा आजार) पेशंट पाहिल्यापासून तीन आठवडे पोटरी फडफडतेय, मानेत गाठ लागतेय आणि एमआरआय करावासा वाटतोय.

एमआरआय नको. तुला ज्या आजाराची धास्ती आहे त्याचं निदान क्लिनिकल तपासणी आणि ईएमजीवर (स्नायूंच्या विद्युत हालचालीची चाचणी) होतं. एमआरआय मुख्यतः दुसरी कारणं वगळायला करतात. शिवाय त्या आजारात ताकद कमी होते, स्नायू झिजतो. नुसती फडफड निरोगी माणसातही सर्रास दिसते आणि जागरण, चहा-कॉफी, दमणूक यांनी वाढते. इंटर्नल परीक्षेच्या आठवड्यात या तिन्ही गोष्टी एकदम असतात.

मानेतली गाठ तू दिवसातून किती वेळा दाबतेस? मऊ, हलणारी, एक सेंटीमीटरच्या आतली गाठ तरुण वयात अनेकांना लागते. सारखी चाचपली की दुखू लागते, आणि ते दुखणंच पुढचा पुरावा वाटतं. क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वरची, टणक, चिकटलेली किंवा वाढत जाणारी गाठ मात्र लगेच दाखवायची.

आता करायचं ते. कॉलेजच्याच मेडिसिन ओपीडीत एका डॉक्टरांना एकदाच सगळं सांग, भीतीसकट. पॉवर (स्नायूंची ताकद), रिफ्लेक्सेस, नोड्स (लसीका गाठी) त्यांना तपासू दे. तपासणी नॉर्मल आली तर दुसरं मत घेत फिरू नकोस. कॉलेज रोडवरच्या लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेजही नको. नॉर्मल रेंज अशी ठरते की निरोगी लोकांपैकी साधारण ९५ टक्के तिच्यात बसतात, त्यामुळे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या २० चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या आकड्याची नवी काळजी.

खरा रोग चाचपण्यातच आहे. तीन दिवस फक्त मोज: गाठ दाबणं, ताकद तपासायला टाचांवर चालून बघणं, गूगल, आणि रूममेटला ‘तुला काय वाटतं?’ विचारणंही. हे शेवटचं बहुतेक जण मोजत नाहीत. पुढच्या आठवड्यात आकडा निम्मा कर, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा निम्मा. हात मानेकडे गेला की दहा मिनिटं थांब, नंतर अर्धा तास. ऊर्मी चढते आणि न तपासताही उतरते. हे अंगाने अनुभवावं लागतं, वाचून पटत नाही. सुरुवातीचे चार-पाच दिवस अस्वस्थता वाढेल. बरेच जण तिथेच सोडतात.

वाचताना प्रत्येक आजारापुढे दोन ओळी लिही: कोणत्या वयात होतो, आणि कोणतं लक्षण नसेल तर निदान बाद होतं. विद्यापीठाच्या पेपरलाही त्या कामी येतील.

झोप उडाली, वॉर्डात जाणं टळू लागलं किंवा अभ्यास बंद पडला तर सायकियाट्री ओपीडी गाठ. सीबीटी (विचार आणि सवयी बदलणारी बोलण्याची थेरपी) आणि गरजेप्रमाणे एसएसआरआय (चिंता-नैराश्यावरची औषधं), दोन्ही या त्रासावर चालतात. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत. मराठीतून बोलता येतं.

मात्र वॉर्डातले खरे धोके या भीतीच्या खात्यात टाकू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासायची. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धू, पिळू नकोस, आणि लगेच कॅज्युअल्टीत कळव. एचआयव्हीची पीईपी (संसर्ग टाळायची औषधं) लागली तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, आणि पुढे २८ दिवस.