‘बीस्ट’ टिकला, ‘सन ऑफ बीस्ट’ का टिकला नाही?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत सिनसिनाटीला गेलो असताना जवळचे ‘किंग्ज आयलंड’ हे मनोरंजन उद्यान पाहिले. तेथील ‘द बीस्ट’ हा 1979 सालचा लाकडी रोलर कोस्टर लांबीत आजही जगात पहिला असल्याचे समजले. इतक्या वर्षांत त्याहून लांब कोस्टर कोणी का बांधला नाही? आणि हे उद्यान वाढत कसे गेले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ओहायो नदीकाठच्या ‘कोनी आयलंड’ या जुन्या उद्यानात वारंवार पुराचे पाणी शिरत असे. त्याला कंटाळून चालकांनी मेसन येथे नवी जागा घेतली आणि 29 एप्रिल 1972 रोजी किंग्ज आयलंड सुरू झाले. पहिल्याच हंगामात जॉन ॲलन यांनी आखलेला ‘द रेसर’ आला. अमेरिकेतील लाकडी कोस्टर एकामागून एक पाडले जात असताना या जुळ्या रुळांच्या कोस्टरला मिळालेला प्रतिसाद पाहून इतर उद्यानेही पुन्हा लाकडाकडे वळली. म्हणून प्रसिद्धी बीस्टला मिळाली असली, तरी इतिहासात रेसरचे स्थान वरचे आहे, असे आम्हांस वाटते.

बीस्टची लांबी 7,361 फूट, म्हणजे जवळजवळ सव्वादोन किलोमीटर आहे. त्याची खुबी उंचीत नसून जमिनीत आहे. पहिला चढ जेमतेम 110 फुटांचा, पण उतार 137 फुटांचा. कारण गाडी सरळ जमिनीखालच्या बोगद्यात शिरते आणि पुढे सुमारे 35 एकर झाडीतून, घळींच्या उतारांवरून धावते. घर्षणाने वेग सरत जातो, त्यामुळे एवढ्या लांबीसाठी वाटेत दुसरा चढ द्यावा लागला. एवढी रानवट जागा क्वचितच कोणाकडे असते, आणि देखभालीचा खर्च तर दरवर्षीचा. लाकडी रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्या आणि वर पोलादी पट्टी; चाकांच्या माऱ्याने फळ्या ढिल्या होतात व थंडीत उद्यान बंद असताना सुतारांना त्या बदलाव्या लागतात. 2022 च्या हंगामापूर्वी बीस्टचा दोन हजारांहून अधिक फूट रूळ असाच नव्याने घातला गेला.

बीस्टच्या यशावर स्वार होऊन 2000 साली त्याच उद्यानात ‘सन ऑफ बीस्ट’ उभा राहिला. उंची 218 फूट, शिवाय गाडीला पूर्ण उलटे फिरवणारे पोलादी वेटोळे. लाकडी सांगाड्यावर पडणारा भार त्या मानाने फार होता. जुलै 2006 मध्ये सांगाड्यातील लाकूड तडकून रूळ खचला आणि 27 जण जखमी झाले. वेटोळे काढून, हलक्या गाड्या आणून तो पुन्हा सुरू केला, परंतु 2009 मध्ये कायमचा बंद झाला आणि 2012 मध्ये पाडला गेला. लांबीतही तो बीस्टच्या मागेच होता, हे विशेष.

फसलेला प्रयोग मोडून त्याच जागी नवा उभारायचा, ही या उद्यानाची जुनीच रीत आहे. रुळाखाली लोंबकळत झुलणाऱ्या डब्यांचा ‘द बॅट’ 1981 मध्ये आला आणि सततच्या बिघाडांमुळे 1983 नंतर बंद पडला. त्याच्याच स्थानकातून 1987 पासून सहा वेळा उलटा फिरणारा ‘व्हॉर्टेक्स’ सुटू लागला, तो 2019 पर्यंत चालला. सन ऑफ बीस्टच्या जागी 2014 मध्ये पोलादी ‘बॅन्शी’ आला. उंचीची हौस आता पोलादावरच भागवली जाते : 2020 मध्ये आलेल्या ‘ओरायन’चा उतार 300 फुटांचा आहे.