वेस्टर्नमध्ये बँड, फ्लोमध्ये काहीच नाही

प्रश्न: एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचं ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन) बघायचं आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधण्याची पद्धत) १२० किलोडाल्टनला स्वच्छ बँड येतो. फ्लो सायटोमेट्रीत (चमकणारी अँटीबॉडी लावून एकेक पेशी मोजण्याची पद्धत) मात्र सिग्नल आयसोटाइप कंट्रोलच्या, म्हणजे लक्ष्य न ओळखणाऱ्या त्याच प्रकारच्या अँटीबॉडीच्या, पुढे सरकत नाही. पेशी ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) आणि ईडीटीए यांच्या मिश्रणाने बशीवरून सोडवते, अँटीबॉडी ‘क्लोन ३६’ या नावाची आहे. ती खराब झाली म्हणून नवी कुपी मागवू का?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर: तीच अँटीबॉडी पुन्हा मागवू नका. ती ठणठणीत आहे, वेस्टर्नचा बँडच ते सांगतोय. क्लोन ३६ तयार करताना वापरलेला तुकडा ई-कॅडहेरिनच्या शेपटाकडचा, म्हणजे पेशीच्या आतला आहे. वेस्टर्नसाठी आपण पेशी फोडतो, त्यामुळे तो भाग उघडा पडतो. अखंड पेशीत अँटीबॉडी शिरतच नाही; बाहेर उभं राहून दाराची आतली कडी चाचपण्यासारखं होतं ते. फ्लोसाठी बाहेरचा भाग ओळखणारा क्लोन घ्या, उदाहरणार्थ एचईसीडी-१. डेटाशीटवर किंमत आणि डायल्यूशन सगळे बघतात. ‘इम्युनोजेन’ची, म्हणजे अँटीबॉडी कुठल्या तुकड्याविरुद्ध तयार केली ती, ओळ वाचायची राहते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ तीच.

पण नुसता क्लोन बदलून भागणार नाही. खरी गोम तुमच्या ट्रिप्सिनमध्ये आहे. कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कॅल्शियममुळे ताठ राहतो आणि तसा असेपर्यंत ट्रिप्सिनला दाद देत नाही. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, भाग सैल पडतो आणि ट्रिप्सिन तो कापून टाकतं. जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांना कॅडहेरिनचा माग लागला तो याच फरकातून. जपानहून ते अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेत गेले, तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए असे, आणि सुट्या केलेल्या पेशी पूर्वीसारख्या एकमेकींना चिकटेनात. १९७७ साली त्यांनी दाखवलं की कॅल्शियम असताना ट्रिप्सिन दिलं तर ही चिकटण्याची क्षमता टिकते. कार्नेगीत झालं तेच तुमच्या नळीत आज घडतंय, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

तेव्हा ट्रिप्सिन बाजूला ठेवा. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट-मिठाचं बफर द्रावण) २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए घालून पेशी सोडवा. वेळ जास्त लागेल, गुठळ्या राहतील. हलक्या हाताने पिपेट करा आणि चाळणीतून गाळा. सुटल्यावर ईडीटीए धुऊन टाका. एचईसीडी-१ वापरताना बफरमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम असू द्या.

कुणीतरी सुचवेल, पेशी फिक्स करून आवरण सच्छिद्र करा, मग क्लोन ३६ चालेल. सिग्नल येईलही. पण बाहेरचा भाग कापला गेला तरी आतलं शेपूट शिल्लक असू शकतं, आणि तुम्ही त्याला ‘पृष्ठभागावरचं ई-कॅडहेरिन’ म्हणून मोकळ्या व्हाल. ट्यूमरच्या कामात ही गल्लत महागात पडते, कारण पेशी एकमेकींना धरून आहेत की सुटल्या आहेत हाच तर तिथला प्रश्न असतो.

निगेटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे सिग्नल येऊच नये अशा तुलनेसाठी, एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या पेशी लावा. त्यांच्यात ई-कॅडहेरिनच्या सीडीएच१ जनुकाच्या प्रमोटरवर (जनुक सुरू करणारा भाग) मेथिलेशन, म्हणजे जनुक बंद ठेवणारी रासायनिक खूण, झालेलं असल्याने ई-कॅडहेरिन बनत नाही. आणि आयसोटाइप कंट्रोलही बदला: क्लोन ३६ उंदराची आयजीजी२ए प्रकारची अँटीबॉडी आहे, एचईसीडी-१ आयजीजी१ प्रकारची.