कुकीज ट्रूपच्या, बिटकॉइन बाबांच्या वॉलेटमध्ये

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. माझी दहा वर्षांची मुलगी गर्ल स्काउट आहे (मुलींची संघटना, निधीसाठी दरवर्षी कुकीज विकते). यंदा ट्रूपकडून, म्हणजे तिच्या गटाकडून, आम्ही कुकीजच्या वीस केस घेतल्या, म्हणजे २४० बॉक्स. १४४ बॉक्स शेजारी आणि ऑफिसात खपले, त्यांचे पैसे भरून झाले. उरलेल्या ९६ बॉक्सची मी ऑनलाइन जाहिरात टाकली. किंमत बॉक्समागे नऊ डॉलर, पण बिटकॉइनमध्ये (ट्रूपचा भाव सहा डॉलर). जाहिरातीत मुलीचा गणवेशातला फोटो होता आणि खाली माझा वॉलेट ॲड्रेस, म्हणजे बिटकॉइन जमा करण्याचा पत्ता. सगळे बॉक्स बुक होऊन ८६४ डॉलरचे बिटकॉइन जमा झाले. आज त्यांची किंमत साधारण ९९० डॉलर आहे. एका गिऱ्हाइकाचे १२ बॉक्स पाठवायचे राहिलेत. आता कौन्सिलचा (ट्रूपच्या वरच्या स्थानिक संस्थेचा) ईमेल आलाय : जाहिरात काढा, दहा दिवसांत हिशेब द्या, नाहीतर मुलीला पुढच्या वर्षी विक्रीत भाग घेता येणार नाही. बिटकॉइन घेणं बेकायदा आहे का? ईबेवर तर कित्येक लोक या कुकीज विकतात. वरचे पैसे मी मुलीच्या समर कॅम्पसाठी ठेवणार होतो. ट्रूपमधले आणखी दोन पालक म्हणतात, आमच्या बॉक्सचे पैसेही तुमच्याच वॉलेटवर घ्या आणि आम्हाला डॉलर द्या. घेऊ का?

उत्तर : आधी बिटकॉइनची भीती काढून टाकते. स्वतःच्या मालाच्या बदल्यात बिटकॉइन घेणं अमेरिकेत गुन्हा नाही आणि त्यासाठी तुम्हाला परवानाही लागत नाही. फेडरल अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने मार्च २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे की वस्तूंच्या खरेदी-विक्रीसाठी आभासी चलन वापरणारा माणूस ‘मनी ट्रान्समिटर’, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाची ने-आण करणारा व्यावसायिक, ठरत नाही. मात्र या वाक्यातल्या ‘स्वतःच्या मालाच्या’ या दोन शब्दांवरच तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. तुम्ही विकलेला माल तुमचा नव्हता.

सीझनच्या सुरुवातीला तुम्ही पालक म्हणून एक परवानगीपत्र भरून सही केली असेल. सहसा कोणी वाचत नाही असा हा कागद. आज तो शोधून काढा, सापडला नाही तर ट्रूपच्या कुकी मॅनेजरकडे प्रत मागा. त्यात बहुधा असं असतं की मिळालेले बॉक्स आणि त्यांचे पैसे यांची आर्थिक जबाबदारी पालकाची. बॉक्स विकत दिले असं त्यात म्हटलेलं नसतं. तुम्ही ते विक्रीसाठी ताब्यात घेतले, पैसे भरेपर्यंत ते कौन्सिलचे, आणि विकताना तुम्ही त्यांचे प्रतिनिधी. स्थानिक कौन्सिल ही स्वतंत्र नोंदणी असलेली धर्मादाय संस्था असते, त्यामुळे तुमचा व्यवहार ट्रूप लीडर ताईंशी नसून एका कायदेशीर संस्थेशी आहे.

ईबेचा मुद्दा इथेच निकाली निघतो. एखाद्याने ट्रूपच्या विक्रीच्या टेबलावर पैसे देऊन कुकीज घेतल्या आणि घरी जाऊन इंटरनेटवर दुप्पट भावाने विकल्या, तर त्याला कायद्याने अडवणं अवघड. खरा माल एकदा विकला गेला की ट्रेडमार्कचा मालक त्याच्या पुढच्या विक्रीवर सहसा हक्क सांगू शकत नाही. २०२३ साली रास्पबेरी रॅली ही कुकी पटापट संपली आणि लोकांनी ती ईबेवर चढ्या भावाने विकली. संस्थेने नाराजी व्यक्त केली, पण नाराजीच. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही पैसे न भरलेला माल विकलात, आणि लिलावाच्या व मार्केटप्लेस साइटवर कुकीज विकू नयेत, असा संघटनेचा नियमही होताच. दूरच्या माणसांना विकण्यासाठी २०१४ च्या अखेरीपासून ‘डिजिटल कुकी’ आहे. मुलीच्या नावाची लिंक पाठवायची, समोरच्याने कार्डाने पैसे भरायचे, बॉक्स थेट त्याच्या घरी. त्या रस्त्याने गेला असतात तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता गंभीर भाग, आणि तो तुमच्यापासून लपवणं बरोबर होणार नाही. दुसऱ्याचा माल किंवा पैसा ठरलेल्या कामासाठी ताब्यात घ्यायचा आणि ते काम न करता स्वतःचा म्हणून वापरायचा, हा न्यू जर्सीच्या दंडसंहितेत चोरीचाच एक प्रकार आहे (कलम २सी:२०-९). आणि रक्कम ५०० ते ७५,००० डॉलरच्या दरम्यान असेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा होतो. ९६ बॉक्सचे सहा डॉलरप्रमाणे ५७६ डॉलर. म्हणजे ही रेषा तुम्ही ओलांडलेली आहे. पण घाबरून जाऊ नका. पैसे द्यायची मुदत अजून गेलेली नाही, तुम्ही काही नाकारलेलं नाही, काही लपवलेलं नाही. मुदतीत पूर्ण पैसे भरलेत तर यात गुन्हा शोधायला कोणी जाईल असं मला वाटत नाही. मुदत उलटून गेली, फोन उचलले नाहीत, ‘बिटकॉइन अजून वाढतोय, थांबू या’ असं एखाद्याला मेसेजवर लिहिलंत, तर मात्र तेच कागद तुमच्या विरोधात उभे राहतील.

म्हणून आज-उद्याच ५७६ डॉलर ट्रूपच्या खात्यात भरा. डॉलरमध्येच. तुमचं देणं डॉलरमध्ये ठरलं होतं. तुम्ही गिऱ्हाइकाकडून काय घेतलंत याच्याशी कौन्सिलला कर्तव्य नाही. बिटकॉइन कोसळला असता तरी देणं ५७६ डॉलरच राहिलं असतं.

मग तो चढला, तर चढलेली किंमत कोणाची? हा तुमच्या प्रकरणातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, आणि तुम्ही तो विचारलेला नाही. प्रतिनिधीने दुसऱ्याच्या कामातून परस्पर नफा कमावला तर तो मालकाला द्यावा लागतो, हे अमेरिकी कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. दुसऱ्याच्या मालातून आलेला पैसा कशात गुंतला आणि वाढला, तर त्या वाढीवरही मूळ मालक हक्क सांगू शकतो. न्यायालय अशा वेळी ताबा असणाऱ्याला विश्वस्त मानतं. त्यामुळे बॉक्समागचे वरचे तीन डॉलर आणि नंतर वाढलेली किंमत, दोन्हींवर कौन्सिलचा दावा लागू शकतो. एवढ्याशा रकमेसाठी कौन्सिल कोर्टात जाणार नाही. तरी माझा सल्ला असा की तो दावा त्यांनी करण्याची वाट बघू नका. पोस्टाच्या खऱ्या पावत्या जोडा, तेवढा खर्च वजा करू द्याल का असं विचारा आणि उरलेलं सगळं देऊ करा. यातून तुमची शे-दोनशे डॉलरची कमाई जाईल. पण ज्या आरोपाची किंमत तुम्हाला परवडणार नाही, तो आरोप त्याबरोबर जाईल.

किंमत परवडणार नाही असं म्हणते, कारण तुम्ही व्हिसावर आहात. चोरी हा इमिग्रेशन कायद्यात नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानला जाऊ शकतो, आणि तिथे शिक्षा व्हावीच लागते असंही नाही. गुन्ह्याचे घटक स्वतःहून कबूल केलेत तरी पुढे व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो. त्यामुळे कौन्सिलला उत्तर लिहिताना जे घडलं ते खरं आणि आकड्यांसकट लिहा : किती बॉक्स, कोणत्या तारखेला, किती भावाने, किती पैसे आज भरले. फक्त ‘मी अपहार केला’, ‘फसवणूक झाली’ असली कायदेशीर विशेषणं माफी मागण्याच्या भरात स्वतःला चिकटवू नका. पाठवण्याआधी तो मसुदा एखाद्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

दुसरी गोष्टही व्हिसाचीच. मुलीच्या ट्रूपसाठी पालक म्हणून विनामोबदला कुकीज विकणं ही नोकरी नव्हे. पण भाव चढवून, वरची रक्कम स्वतःकडे ठेवून, घरून माल पाठवणं याला धंद्याचं रूप येतं, आणि एच-१बीवर असताना ज्या कंपनीसाठी परवानगी आहे तिच्या बाहेर काम करता येत नाही. एकदाच झालं, नफा परत केला, हे सांगता येतं. पुढच्या सीझनला हेच पुन्हा केलंत तर सांगता येणार नाही.

दोन पालकांना स्पष्ट नाही म्हणा. त्यांच्या बॉक्सचे बिटकॉइन तुम्ही घ्यायचे, मोडायचे आणि त्यांना डॉलर द्यायचे, यात तुम्ही स्वतःचा माल विकत नाही, दुसऱ्यांसाठी पैशाची ने-आण करता. फिनसेनने २०१३ मध्ये दिलेली सूट अशा कामासाठी नाही, आणि विनापरवाना मनी ट्रान्समिशन हा फेडरल गुन्हा आहे. शेजारधर्म म्हणून केलं, कमिशन घेतलं नाही, हा बचाव पुरेल अशी खात्री कोणी देऊ नये.

समर कॅम्पचं तुमच्या मनातलं कारण प्रेमाचं आहे, हे मला दिसतं. पण कुकीजचा पैसा एकेका मुलीच्या नावावर जमा होत नाही. ट्रूपचा वाटा सगळ्या मुलींचा. २०१३ साली टॅक्स कोर्टापुढे कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब या निधी गोळा करणाऱ्या पालकांच्या संस्थेचं प्रकरण आलं होतं. तिथे ज्या पालकांनी वस्तू विकून निधी गोळा केला त्यांच्याच मुलांच्या फीमधून तेवढे पैसे वजा होत. कोर्टाने संस्थेची करसवलत रद्द करण्याचा आयआरएसचा (फेडरल करखात्याचा) निर्णय कायम ठेवला. तुमच्या ९६ बॉक्सवरून कौन्सिल एवढी सावध का झाली, याचं एक कारण तुम्हाला इथे सापडेल.

कराचं थोडक्यात. आयआरएसने २०१४ च्या नोटीस २०१४-२१ मध्ये ठरवलं की आभासी चलन ही मालमत्ता आहे. ज्या दिवशी बिटकॉइन मिळाले त्या दिवशीची डॉलरमधली किंमत लिहून ठेवावी लागते, आणि विकताना त्या किमतीपेक्षा जास्त मिळालं तर तो भांडवली नफा. म्हणून सगळे बिटकॉइन एकदमच विका, हिशेब सोपा राहील. फॉर्म ८९४९ या भांडवली नफ्याच्या फॉर्मवर तो दाखवा. फॉर्म १०४० या आयकर विवरणपत्राच्या पहिल्या पानावर डिजिटल मालमत्तेबद्दलचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर ‘होय’. रक्कम लहान आहे म्हणून ‘नाही’वर खूण करू नका. कौन्सिलला दिलेली वरची रक्कम देणगी म्हणून दाखवू नका, कारण ज्यांचा पैसा त्यांनाच परत जातो आहे.

राहिलेल्या १२ बॉक्सच्या गिऱ्हाइकाला आजच कळवा. इंटरनेटवर ऑर्डर घेतली की सांगितलेल्या वेळेत, आणि वेळ सांगितली नसेल तर तीस दिवसांत माल पाठवायचा, जमत नसेल तर पैसे परत घेण्याचा पर्याय द्यायचा, असा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. तुम्ही आता पाठवूच नका, १०८ डॉलर परत करा आणि ते बॉक्स ट्रूपला त्यांच्या बूथवर चालतील का विचारा. किंमत डॉलरमध्ये ठरली होती, तेव्हा परतफेडही डॉलरमध्ये. तो बिटकॉइनच मागत असेल तर त्या दिवशीच्या भावाने १०८ डॉलरचे, आणि हे मान्य आहे असं त्याच्याकडून लेखी घ्या. एक काळजी घ्या : ज्या ॲड्रेसवरून पैसे आले त्याच ॲड्रेसवर परत पाठवू नका. त्याने एखाद्या एक्स्चेंजमधून (बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीतून) पैसे दिले असतील तर तो ॲड्रेस त्याचा नसतो, एक्स्चेंजचा असतो. तिथे पाठवलेले पैसे त्याला मिळतीलच असं नाही आणि तुम्हाला ते मागे घेता येत नाहीत. त्याच्याकडून नवा ॲड्रेस मागून घ्या.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तारखा आणि व्यवहारांची यादी आधी जपून ठेवा, मग जाहिरात काढा. माझ्या मते या साऱ्या प्रकारात मोठी चूक कोणती, तर ती जाहिरात. दहा वर्षांच्या मुलीचा गणवेशातला फोटो, ट्रूपचं नाव, आणि खाली वॉलेटचा ॲड्रेस. ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंदवही, कोणालाही वाचता येते. तो ॲड्रेस ज्याच्याकडे आहे त्याला त्यात किती जमा झाले, कधी निघाले, कुठे गेले हे कायम दिसत राहणार, आणि त्या माहितीला तुमच्या मुलीचा चेहरा जोडला गेला आहे. जाहिरात काढलीत तरी कोणी कॉपी करून ठेवली असेल तर ती राहीलच. तो ॲड्रेस यापुढे वापरू नका. आणखी कुठे तिचा फोटो तुमच्या आर्थिक खात्याशेजारी दिसतो का, हे घरात दोघांनी बसून तपासा.

मुलीवरच्या कारवाईबद्दल. परवानगीपत्रावर सही तुमची आहे, देणं तुमचं आहे, जाहिरात तुम्ही टाकलीत. दहा वर्षांच्या मुलीवर यातलं काहीही बंधनकारक नाही. कौन्सिलला आपले नियम लावण्याचा अधिकार आहे, तरी तो कोणावर लावायचा हे त्यांच्या हातात असतं. तुम्ही लेखी विनंती करा की यापुढे कुकीज आणि पैसे सांभाळण्याची जबाबदारी मला देऊ नका, हवं तर मुलीच्या आईने किंवा ट्रूप लीडरने ती घ्यावी, पण मुलीला विक्रीत राहू द्या. अशा विनंतीला होकार मिळण्याची शक्यता चांगली असते. फक्त पैसे ट्रूपच्या खात्यात जमा झाल्याची पावती हातात आल्यावरच ती करा आणि पावती सोबत जोडा. आधी विनंती आणि मग पैसे असा क्रम झाला, तर तुम्ही पैसे अडवून सौदा करताय असं त्यांना वाटेल.