मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या तरुणांवर माहितीपट करायचा आहे. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्यातली चार-पाच मुलंमुली गावकीच्या बहिष्काराविरुद्ध लढताहेत, त्यांच्यावर माहितीपट करायचाय, आणि हाताशी मोबाइल आणि मित्राचा कॅमेरा आहे. आधी काय शिकावं, असं विचारलंय.

मी माहितीपटांचं संकलन करते, कधी कधी शूटिंगलाही जाते. माझं उत्तर एका शॉटभोवती फिरतं. गावाचं नाव सांगत नाही, काही तपशीलही बदललेत. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितेय.

कोकणात एका घराला वाळीत टाकलं होतं. दुकानात किराणा नाही, लग्नाचं आवतण नाही, त्या घराशी जो बोलेल त्याला दंड. त्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा तहसील आणि पोलीस ठाण्यात अर्ज देत हिंडायचा, आणि आम्ही त्याच्या मागे. संमतीपत्रावर त्याने पहिल्याच दिवशी सही केली होती. चार महिन्यांनी त्याला रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, दाखवला, तर मध्येच म्हणाला, "ताई, थांबवा." पडद्यावर तो उन्हातून चालत येतो आणि एका ओट्यावर कुणीतरी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवतं. बाईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात आणि मागचा निळा दरवाजा. "आमच्या वाडीत निळा दरवाजा एकच आहे. चुलतीला दंड बसेल."

तो माझा सगळ्यात आवडता शॉट होता. शंभरदा तरी पाहिला असेल, पण दरवाजा मला दिसलाच नव्हता.

म्हणून सांगते, कार्यकर्त्याची संमती पुरत नाही. त्याने धोका ओळखून पाऊल उचललेलं असतं, त्याच्या चुलतीने, मित्राने, शेजाऱ्याने नाही. पहिले काही दिवस कॅमेरा न काढता नुसतं जा, बसा, चहा प्या. कोण कोणाशी बोलतं, कोण चोरून बोलतं, ते कळू द्या. संमती तीनदा विचारा: शूटिंगआधी, रफ कट दाखवून, आणि कुठेही प्रदर्शित करण्याआधी. मधल्या काळात माणसाची परिस्थिती बदललेली असते.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो मराठीत मिळवून वाचाच. तुमचं फुटेज उद्या पुरावा म्हणून मागितलं जाऊ शकतं, तेव्हा मूळ फाइल्स पुसू नका. दोन हार्ड डिस्क ठेवा, एक गावाबाहेर. फोल्डरला माणसांची नावं देऊ नका, आकडे द्या. मुलं अठराच्या आतली असतील आणि पीडित किंवा साक्षीदार असतील, तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ बघा. त्यांची ओळख उघड करता येत नाही.

वेळेचं म्हणाल, तर आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पाहा. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलीस गोळीबारात दहा जण गेले, आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. तिथून सुरू झालेलं काम २०११ मध्ये पूर्ण झालं, चौदा वर्षांनी. त्यात पुण्याच्या कबीर कला मंच या सांस्कृतिक गटाची तरुण पोरं डफावर गाताना दिसतात. पुढे त्यातल्या काहींना अटकेच्या भीतीने भूमिगत व्हावं लागलं. त्यांच्यापैकी शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ मध्ये मुंबईत विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाले. चित्रपट संपला तरी त्यातल्या माणसांचं आयुष्य चालूच होतं, हे डोक्यात ठेवून तो बघा. चौदा वर्षं तुम्ही देऊ नका, पण एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी द्या. मोर्चाच्या दिवशी सगळेच कॅमेरे येतात. दुसऱ्या दिवशी दुकानदार त्या मुलाला साखर देतो की नाही, ते बघायला तुम्हीच असाल.

उपकरणांत पैसे घालायचेच असतील तर लेन्स नको, चांगला कॉलर माइक घ्या. चित्र डळमळीत असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की उठून जातात. आमच्या फिल्ममध्ये त्या ओट्याच्या जागी आता नुसता रिकामा रस्ता आहे, आणि त्यावर दगडाला तांब्या टेकल्याचा आवाज. तो स्वच्छ रेकॉर्ड झाला होता, म्हणून निदान तेवढं ठेवता आलं.