वाचकांचे प्रश्न : रंगमंचावर परतणारा नट आणि त्याची बायको

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी क्लिफर्ड ओडेट्स यांच्या 'द कंट्री गर्ल' या नाटकाचे मराठी रूपांतर करीत आहे. दारूपायी उतरणीला लागलेला जुना नट, त्याला पुन्हा मोठी भूमिका देणारा दिग्दर्शक आणि नटाची बायको, अशी ही तिघांची गोष्ट. वाचनाच्या वेळी बहुतेकांना बायको कजाग वाटली, म्हणून तिला थोडी मवाळ करावी असा आग्रह होत आहे. शिवाय शेवटी ती नवऱ्याजवळच राहते, हे आजच्या प्रेक्षकाला पटेल का?
— एक दिग्दर्शक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तिला मवाळ करू नका. ती पहिल्या अंकात कजाग वाटते, ही संहितेतील उणीव नसून तिचे सारे सामर्थ्य आहे. फ्रँक एल्जिन या नटाने दिग्दर्शकाला आधीच पढवून ठेवलेले असते की, दारू पिणारी, जीव देऊ पाहणारी आणि आपल्याशिवाय एक पाऊल न टाकणारी आहे ती आपली बायको. प्रत्यक्षात हे सारे त्याचे स्वतःचे वर्णन असते. फ्रँकला सर्वांच्या मनात चांगले राहायचे असते. त्यामुळे कराराच्या अटी असोत किंवा तालमीतील गैरसोयी, तक्रार करायची वेळ आली की तो हसून गप्प बसतो आणि भांडायला त्याची बायको जॉर्जी पुढे होते. दिग्दर्शकाला फक्त भांडणारी बाई दिसते. प्रेक्षकालाही तोवर तेवढेच दिसले पाहिजे, कारण बोस्टनमधील प्रयोगांच्या वेळी फ्रँक पुन्हा पिऊन कोसळतो आणि खरे उघड होते, तेव्हा दिग्दर्शकाबरोबर प्रेक्षकालाही आपण या बाईवर अन्याय केला हे जाणवायला हवे. ती आधीपासूनच गोड असेल, तर हा धक्का बसणार नाही.

रूपांतर करताना खोकल्याच्या औषधाचा प्रसंग जपा. रंगपटातील ती बाटली साधी दिसते, पण त्या औषधात अल्कोहोल असते, हे जॉर्जीला ठाऊक असते. आजारी नवऱ्याच्या औषधावर पहारा ठेवणारी बायको बाहेरच्या माणसाला निष्ठुर वाटणारच. व्यसनी माणसाच्या घरातील रोजचे जगणे या एका बाटलीत जितके आले आहे तितके लांबलचक स्वगतातूनही येणार नाही, असे माझे मत आहे.

आपल्या प्रेक्षकाच्या मनात अर्थातच गडकऱ्यांचे 'एकच प्याला' असेल. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातील सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी मरतानाही खोटे सांगते. इथे नवरा स्वतःला वाचवण्यासाठी बायकोविषयी खोटे सांगतो. सिंधूच्या छायेत जॉर्जी उभी केलीत तर ती सोशिक होईल आणि नाटक हातचे जाईल. जॉर्जी थकलेली आहे, रागावलेली आहे आणि एकदा सोडून जाण्याच्या बेतातही होती.

शेवटाविषयी तुमची शंका रास्त आहे. न्यूयॉर्कचा प्रयोग गाजतो, दिग्दर्शक तिच्यात गुंतलेला असतो, तरीही ती नवऱ्याजवळ राहते. हा पातिव्रत्याचा विजय म्हणून सादर केलात तर आजचा प्रेक्षक तो नाकारील, आणि ते योग्यच होईल. फ्रँक आता तिच्याविषयी खोटे बोलणार नाही, एवढेच तिथे बदललेले असते. तो पुन्हा पिणार नाही, याची हमी नाटक देत नाही. तीच अनिश्चितता ठेवा. १९५४ च्या चित्रपटात बिंग क्रॉसबी होते, आणि जॉर्जीच्या भूमिकेसाठी ग्रेस केली यांना ऑस्कर मिळाले. तो जरूर पाहा, पण रूपांतर १९५० च्या मूळ नाटकावरूनच करा. मुलाच्या अपघाती मृत्यूचा चित्रपटातील भाग रंगमंचावर सारा दोष एका दुःखावर ढकलून मोकळा होतो.

प्रश्न : माझे पती ऑर्केस्ट्रात गात असत. दारूमुळे कामे बंद झाली. आता एका आयोजकाने कालिदास कलामंदिरातील कार्यक्रमासाठी विचारले आहे. काम मिळाले की दारू सुटेल, असे घरचे सारे म्हणतात. तसे होते का? आयोजकाला मी खरे सांगावे का?
— एक वाचक भगिनी, नाशिक रोड

उत्तर : ताई, कामाने दारू सुटत नाही, उलट कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीची धास्ती हेच पिण्याचे निमित्त होऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने कार्यक्रमासाठी म्हणून एकदम दारू बंद करणेही धोक्याचे आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून आधी डॉक्टर, मग तालीम. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करण्यास पैसे पडत नाहीत.

आयोजकाला खरे सांगायचे ते त्यांनी स्वतः सांगावे, तुम्ही शेजारी बसा. ते टाळत असतील तर तुम्ही त्यांच्या वतीने शब्द देऊ नका, आणि प्रकृती बरी नाही अशी सबबही पुढे करू नका. कार्यक्रम हुकला तर बोल तुमच्यावर येईल, तो अंगाला लावून घेऊ नका. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेल्या अल-अनॉन या संघटनेच्या सभांना नवरा पीत असतानाही जाता येते. त्याच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.