बगल्सच्या पहिल्या अल्बममध्ये त्या एका गाण्यापलीकडे काही आहे का?

तुम्ही विचारलंय की ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स या ब्रिटिश जोडीच्या बगल्स या पॉप बँडचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ हे गाणं जिवापाड आवडतं, पण ते ज्यात आहे तो ‘द एज ऑफ प्लास्टिक’ अख्खा ऐकावा का? कारण काही जण त्याला ‘एक गाणं आणि बाकी भरती’ म्हणतात, आणि काही जण त्याच अल्बमला डोक्यावर घेतात.

जरूर ऐका. फक्त पहिल्यांदा रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा, आणि त्यातही ‘एल्स्ट्री’पासून.

लंडनजवळ हर्टफर्डशायरमध्ये एल्स्ट्री नावाचं गाव आहे, तिथले चित्रपट स्टुडिओ प्रसिद्ध आहेत. हे गाणं म्हणणारा माणूस त्या स्टुडिओत दुय्यम सिनेमांत छोटी कामं करून गेलेला नट आहे. मैदानाचं रणांगण केलं होतं, गोळ्या डोक्यावरून जायच्या आणि कुणीच खरं मरायचं नाही, हे तो आठवून सांगतो. मग स्टुडिओलाच विचारतो, मी आठवतो का? पियानोची चाल अशी गोड आणि हळवी आहे की मला तो माणूस समोर बसलेला दिसतो. हा अल्बम ‘थंड’ आहे, ‘यंत्रांनी केलेला’ आहे असं कुणी म्हटलं की मी त्यांना आधी हेच गाणं ऐकायला सांगतो.

आता हेच कान घेऊन परत त्या प्रसिद्ध गाण्याकडे या. त्यातला माणूस १९५२ साली रेडिओवर ऐकलेला आवाज आठवतोय, लहानपणी रात्री जागून, कान लावून ऐकलेला. कडव्यांमधला ट्रेव्हर हॉर्नचा आवाज मुद्दाम दाबून, चिरका करून ठेवलाय, जुन्या रेडिओतून आल्यासारखा. धृपदात मुलींचे आवाज येतात ते मात्र अगदी स्वच्छ, चकचकीत, नव्या जमान्याचे. जुनं आणि नवं यांची गाठ त्या दोन आवाजांतच घातली आहे. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांच्या व्हिडिओंची वाहिनी सुरू झाली तेव्हा पहिला व्हिडिओ याच गाण्याचा दाखवला, आणि तेव्हापासून लोक ते व्हिडिओच्या विजयाचं गाणं म्हणून ऐकतात. मला ते हरलेल्या माणसाच्या बाजूचं गाणं वाटतं.

सगळ्या अल्बमभर हेच चाललंय. पहिल्याच गाण्यात पहाटे सहा वाजता एक धातूचा मित्र येऊन पलंग हलवतो, टेलिफोन घेऊन चाकर धावत येतात, आणि त्या गडबडीत माणूस म्हातारा होत चाललाय. ‘क्लीन, क्लीन’मध्ये युद्धात ढकललेली कोवळी पोरं आहेत. ‘आय लव्ह यू (मिस रोबॉट)’ हे नावावरून गंमतीचं वाटेल, पण ते संथ, कुजबुजत्या आवाजातलं, एकटेपणाचं गाणं आहे. गाणी आठच, वेळ जेमतेम ३६ मिनिटं. काळ पुढे गेला आणि आपण मागे राहिलो ही भीती त्यातल्या बहुतेक गाण्यांत आहे.

मग मतं इतकी टोकाची का? एक कारण सरळ आहे. ते प्रसिद्ध गाणं ऑक्टोबर १९७९ मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि अल्बम आला तो १९८० च्या सुरुवातीला. मला वाटतं, ज्यांना ते गाणं हवं होतं त्यांचं ते तोवर घेऊन झालं होतं. अल्बम २७ व्या क्रमांकापर्यंत गेला. अल्बममधून सुटी काढलेली पुढची तीन गाणी अनुक्रमे १६, ३८ आणि ५५ अशी उतरत गेली. हे आकडे पाहूनच ‘एका गाण्याचा बँड’ हा शिक्का बसला, आणि नंतर ऐकणारे तो शिक्का मनात धरूनच ऐकायला बसले.

दुसरं कारण म्हणजे ‘येस’ हा बँड. १९८० मध्येच हॉर्न आणि जेफ डाउन्स हे दोघंही त्या मोठ्या रॉक बँडमध्ये गेले आणि ‘ड्रामा’ हा अल्बम केला. येसचा आधीचा गायक जॉन अँडरसन याच्या जागी हॉर्न उभा राहिला हे येसच्या अनेक चाहत्यांना सहन झालं नाही, आणि दौऱ्यात त्याला ते भोगावं लागलं. त्या रागातून मागे वळून ‘द एज ऑफ प्लास्टिक’ ऐकणारे आजही भेटतात. त्यांना यात पॉपवाल्यांचा पोरखेळ दिसतो. मला हे अन्यायाचं वाटतं. अँडरसनशी तुलना करायला हा अल्बम केलाच नव्हता.

‘यांत्रिक’ या तक्रारीबद्दल आणखी एक सांगतो, कारण ती सगळ्यात जास्त ऐकू येते. हॉर्नवर जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडचा, विशेषतः त्यांच्या १९७८ च्या ‘द मॅन-मशीन’चा मोठा प्रभाव होता, हे खरं. पण ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’वरचे ड्रम माणसाने वाजवलेत, यंत्रासारखे काटेकोर वाटावेत म्हणून घट्ट, एकही ठोका इकडेतिकडे न जाऊ देता. हेडफोन लावून ऐका. यंत्र व्हायला निघालेल्या माणसाचे कष्ट त्यात ऐकू येतात, आणि अल्बमचा विषयही तोच आहे.

सगळ्याच तक्रारी मी धुडकावत नाही. हॉर्नचा आवाज लहान आहे. ‘किड डायनॅमो’मध्ये तो वाद्यांच्या गर्दीत हरवतो. ‘ॲस्ट्रोबॉय’ लांबलं आहे आणि मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. ज्यांना गायक ताकदीचा लागतो त्यांचं मन इथे रमणार नाही, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

रेकॉर्डिंगच्या धंद्यातले लोक मात्र या अल्बमवर जीव टाकतात. पुढे १९८२ मध्ये एबीसी या बँडचा ‘द लेक्सिकॉन ऑफ लव्ह’ हा अल्बम, १९८३ मध्ये फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं ‘रिलॅक्स’ आणि त्याच येसचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अशी कामं करून हॉर्न ब्रिटनचा आघाडीचा निर्माता झाला. एकेक आवाज घासूनपुसून जागेवर बसवायची त्याची सवय इथेच दिसते. ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’च्या व्हिडिओत कीबोर्डांच्या मागे काळ्या कपड्यांत एक तरुण आहे, तो हान्स झिमर, पुढे हॉलिवूडच्या सिनेमांचा संगीतकार झाला तो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा मुद्दाम सांगतो. हॉर्न, डाउन्स आणि ते गाणं लिहिण्यात सहभागी असलेला ब्रूस वूली, हे तिघं टीना चार्ल्स या डिस्को गायिकेच्या साथीच्या बँडमुळे एकत्र आले. तिचं १९७६ चं पहिल्या क्रमांकाचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ज्याने केलं तो निर्माता म्हणजे आपला बंगळुरूचा बिद्दू, ‘आप जैसा कोई’वाला! आणि १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी ‘ऑवा ऑवा कोई यहाँ नाचे’ हे उषा उथुप यांच्यासोबत गायलं, त्याची चाल थेट बगल्सच्या या गाण्यावरून आली. गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकरवर ते ऐकत मोठ्या झालेल्या आमच्यासारख्यांना मूळ गाणं पहिल्यांदा ऐकताना ओळखीचं वाटलं ते त्यामुळे. आमच्या मतात ती माया मिसळलेली आहे हे मान्य, पण ‘एल्स्ट्री’ आवडायला तिची गरज पडली नाही.

घेताना जमलं तर नंतरची वाढीव आवृत्ती घ्या. तिच्यात ‘टेक्नोपॉप’ आणि ‘आयलंड’ ही दोन गाणी आहेत, शिवाय ‘जॉनी ऑन द मोनोरेल’चं एक वेगळं रूपही आहे. आवडलं, तर वूलीने आपल्या कॅमेरा क्लब या बँडसोबत केलेलं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ शोधा. त्याचा वेग आणि तोल वेगळाच आहे. ते ऐकल्यावर हॉर्न आणि डाउन्सने त्याच चालीतून किती दुःख बाहेर काढलं ते नीट कळतं. आणि ‘एल्स्ट्री’ ऐकून तुम्हाला काय वाटलं ते इथे जरूर लिहा, मला खरंच वाचायचं आहे.