एकच वाटी, एकच खिडकी

प्रिय नवछायाचित्रकार,

तुझे घरगुती वस्तूंचे कृष्णधवल फोटो पाहिले. वस्तू छान निवडल्या आहेत, पण सगळ्यांवर उजेड समोरून पडलाय, म्हणून त्या सपाट दिसतात. रंग गेला की आकार आणि पोत दाखवायला उजेड-सावलीच उरते. तेव्हा नव्या वस्तू शोधू नकोस. एकच घे आणि तिच्यावरच्या उजेडाची दिशा बदलत राहा. छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी १९२८ साली ताटलीच्या काठावर टेकवलेला काटा टिपला, त्यात काट्याइतकंच काम त्याची सावली करते.

थेट ऊन न येणारी खिडकी निवड. खोलीतले दिवे बंद कर, नाहीतर दोन सावल्या पडतात. वस्तू खिडकीला लागून असली की उजेड तिच्यावर झपाट्याने उतरत जातो. तीन-चार फूट मागे नेलीस की तो उतार सौम्य होतो, पण सावलीची कड अधिक रेखीव होते. सावली फारच काळी वाटली तर पलीकडून पांढरा पुठ्ठा उभा कर. किसणी किंवा टॉवेलचा पोत हवा असेल तर उजेड पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे.

स्टीलची वाटी सगळ्यांत अवघड, आणि मला वाटतं सगळ्यांत सुंदरही. फोटोत तिच्यापेक्षा तिच्यात पडलेली खोलीच जास्त दिसते. म्हणून प्रतिबिंब रचायला शीक: तिच्याभोवती पांढरे कागद उभे कर आणि मध्ये काळ्या कागदाची एक पट्टी ठेव. ती पट्टी वाटीवर गडद रेघ होऊन उमटते आणि गोलाई कळते. पट्टी नसेल तर वाटी खडूसारखी निर्जीव दिसते. वाटीत तुझंही प्रतिबिंब पडतं, म्हणून अंगात गडद कपडे असू देत. बोटांचे ठसे रंगीत फोटोपेक्षा कृष्णधवल फोटोत जास्त खुपतात. वाटी सुती कापडानेच धर.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे चौकटभर पांढरी बशी मळकट येते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ कर. काळ्या तव्याला −१. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि दोन सेकंदांचा टायमर एवढं पुरेसं आहे.

कॅमेऱ्याची स्क्रीन मोनोक्रोमवर, म्हणजे कृष्णधवलवर ठेव, पण फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घे, म्हणजे रंगांची माहिती शाबूत राहते. लाल कप आणि हिरवा टॉवेल बऱ्याचदा एकाच करड्या छटेत विरघळतात. मग फोटो संपादित करताना लाल रंगाची छटा उजळवणारा स्लायडर थोडा वर ने. टोकाला नेलास तर कडांना पांढुरकी रेघ येते आणि दाणे उठतात.

पुढच्या वेळी एकाच वाटीचे आठ फोटो पाठव. कॅमेरा आणि वाटी जागची हलवू नकोस, फक्त कागद सरकव. कॉन्ट्रास्ट न वाढवता पाठव, म्हणजे उजेड कुठे चुकला ते मला दिसेल.

सस्नेह.